तिसरी रांग

बाईंनी लाल पेन्सिलीनं ते वाक्य इतक्या जोरात खोडलं की संहितेचा कागद फाटला आणि रेघ खालच्या पानावर उमटली.

"हे मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या.

दिग्दर्शकानं चष्मा कपाळावर सरकवला. वय चौतीस, नावावर दोन पुरस्कार, आणि बोलताना हात असे हलवायचा की हवेतून काहीतरी पिळून काढतोय असं वाटावं.

"कुठलं वाक्य, बाई?"

"'आजपासून तू मला मेलीस.' कोणती आई असं बोलते? मला एक आणून दाखवा. असं फक्त नाटकात बोलतात, आणि तेही पडलेल्या नाटकात."

खिडकीजवळ बसलेल्या लेखकानं आपल्या चहाच्या कपात तोंड खुपसलं.

नाटक एका मुलीचं होतं. तिचं दुसऱ्या मुलीवर प्रेम असतं आणि आई तिला घराबाहेर काढते. अख्ख्या रंगभूमीवर 'मी अशी आहे' असं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली नटी एकच, ती म्हणजे बाई. आणि मुलीचं काम कोणाला? तर टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेला. सहा वर्षं घरोघरी रोज साडेसातला रडणारी ती सून. कानामागून आली आणि तिखट झाली. प्रत्यक्षात नवरा, सासू, कुत्रा, सगळा संसार भरलेला, आणि मुलाखतींत सांगत सुटली होती, "ही भूमिका करायला फार धाडस लागलं." धाडस! बाईंनी ती मुलाखत वाचून पेपर जमिनीवर आपटला होता.

पंचावन्नाव्या वर्षी आपल्याला मुलीचं काम कोणी देणार नाही, एवढी अक्कल त्यांना होती. राग त्याचा नव्हता. ज्या वयात हे काम करता आलं असतं त्या वयात हे नाटक लिहायची कोणाची छाती झाली नव्हती, राग त्याचा होता. वीस वर्षांपूर्वी एका पुरस्काराच्या व्यासपीठावर त्यांनी माइक हातात घेऊन "माझ्या जोडीदाराचे आभार, ती दातांची डॉक्टर आहे" असं म्हटलं, तेव्हा अर्ध्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या आणि उरलेल्या अर्ध्याला खोकला आला. त्यानंतर तीन वर्षं नुसत्या वेड्या बायका, चेटकिणी आणि खाष्ट सासवा वाट्याला आल्या. एका निर्मात्यानं तर तोंडावर विचारलं होतं, "ज्या बाईला पुरुषात रस नाही तिच्यावर नायक जीव टाकतो हे लोकांना पटेल का?" बाई म्हणाल्या होत्या, "तुमचा नायक घरी बायकोवर जीव टाकतो हे तरी कोणाला पटतं?" ते नाटकही गेलं.

आणि आता एवढं सगळं झाल्यावर हे नाटक आलं होतं, आणि त्यात बाईंना काम काय, तर मुलीला हाकलणाऱ्या आईचं. जे दार त्यांच्या तोंडावर बंद झालं होतं, ते आतून लावायचं. त्यांनी ते घेतलं, कारण काम दमदार होतं, आणि घरात बसून चिडचिड करण्यापेक्षा रंगमंचावर केलेली बरी.

"मग आई काय म्हणेल, तुम्हीच सांगा," दिग्दर्शक आवाज मऊ करून म्हणाला. "म्हणजे तुम्हाला... अनुभव आहे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनुभव! सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या. लेखकानं तर पेन उघडूनही ठेवलं होतं. बाईंनी लाल पेन्सिल टेबलावर ठेवली, ती घरंगळत गेली, त्यांनी ती पुन्हा उचलून ठेवली.

"'किल्ली ठेव इथं. आणि जा,'" त्या म्हणाल्या.

सुनेनं डोळे टिपले. ते तिला सरावानं चांगलं जमायचं.

"हे खरं आहे, ताई? तुमच्या आई असं म्हणाल्या होत्या?"

"पुढचं वाक्य तुझं आहे," बाई म्हणाल्या. "पाठ झालंय का?"

खरं ते नव्हतंच. किल्ली बाईंनी घर सोडलं त्या दिवशी स्वतःहून चपलांच्या कपाटावर ठेवली होती, कोणी मागितली नव्हती. आई जे म्हणाली होती ते वेगळंच होतं, आणि ते त्यांनी कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरलासुद्धा बावीस वर्षांपूर्वी ही किल्लीचीच गोष्ट सांगितली होती. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती की कधीकधी त्यांनाही खरी वाटायची.

बाईंच्या बाबतीत नाटकवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: बाईंना बाळ चालत नाही. बाळ हातात घ्यायचं असेल तर त्या भूमिका सोडायच्या. एका नाटकात दिग्दर्शकानं बाहुली दिली, ती नको. दुपट्याचं गाठोडं दिलं, तेही नको. शेवटी पाळणा विंगेत ठेवून नुसता हलवायचं ठरलं. लोक हसायचे. डॉक्टरच्या बहिणीला मूल झालं तेव्हाही बाई हात पाठीमागे बांधून खाटेपासून चार हात लांब उभ्या राहिल्या होत्या, एखादा पाहुणा दुसऱ्याच्या घरातली काचेची भांडी बघतो तशा.

"हजार माणसांसमोर उभी राहतेस," डॉक्टर म्हणाली होती, "आणि चार किलोच्या माणसाला घाबरतेस होय गं?"

बाई हसल्या होत्या. हात मात्र मागचे पुढे आणले नव्हते.

पहिल्या प्रयोगाला आठवडा उरला असताना सकाळी पेपर आला. आतल्या पानावर बाईंचा फोटो आणि वर मथळा: 'किल्ली ठेव आणि जा: अभिनेत्रीच्या आयुष्यातलं खरं वाक्य रंगमंचावर'. खाली दिग्दर्शकानं तालमीच्या खोलीतलं सगळं सांगून टाकलं होतं, सुनेच्या अश्रूंसकट.

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" बाई ओरडल्या. "माझं घर याला जाहिरातीला सापडलं काय?"

डॉक्टर दवाखान्यात जायच्या घाईत उभ्यानंच टोस्ट खात होती. "त्याला एकदा माझ्याकडे पाठव," ती म्हणाली. "अक्कलदाढ काढते. असली तर."

बाई हसणार तेवढ्यात फोन वाजला. दादा होता. वर्षातून एकदा, वडिलांच्या जुन्या कागदांवर सही हवी असली की त्याचा फोन यायचा. आज सहीचं काम नव्हतं.

"काय छापून आणलंयस हे?" दादा म्हणाला. "आईचं वय ब्याऐंशी. या वयात तिला जगासमोर चेटकीण करायची होती का?"

"मी छापून आणलेलं नाही."

"तुला घराबाहेर कोणी काढलं होतं? तू स्वतः गेलीस. नाटकाच्या नादात बॅग भरून गेलीस. मी घरी आलो तर किल्ली कपाटावर. आणि आता सांगतेयस आईनं मागितली?"

"तू ऑफिसात होतास, दादा. तुला काय माहीत?"

"आईला विचारलंय मी. आत्ताच नाही, तेव्हाही विचारलं होतं. ती काही बोलत नाही. काही झालंच नाही तर बोलेल काय?"

बाईंनी फोन ठेवला. एकोणतीस वर्षं हेच चाललं होतं. हाकललं ते हाकललं, वर खोटारडीही त्याच ठरल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

"दादा खोटं बोलतोय?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही ना! त्याला खरंच माहीत नाही. त्याचीच तर चीड येते. घरात तेव्हा दोघीच होतो, आई आणि मी. आणि तिसरं होतं त्याला बोलता येत नव्हतं." बाई थांबल्या. "मला माफी नकोय गं. माफीचं काय लोणचं घालायचंय? तिनं एकदा फक्त म्हणावं, 'हो, म्हणाले होते मी.' बस. मरायच्या आत एकदा. तिच्या नाहीतर माझ्या."

डॉक्टर घड्याळाकडे न बघता समोर बसली. दवाखान्यात कोणीतरी त्या सकाळी तोंड उघडून अर्धा तास वाट बघत राहिलं असणार.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. दादाची मुलगी. मोठी झाल्यावर तिनंच बाईंना शोधून काढलं होतं, आणि घरच्यांच्या नकळत दोघी तीन-चारदा कॉफीला भेटल्या होत्या.

"आत्या, दोन तिकिटं मिळतील? आजी यायचं म्हणतेय."

"कुठे यायचं म्हणतेय?"

"नाटकाला. मी तिला पेपर वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, मला घेऊन चल. बाबांना सांगितलं नाहीये."

एकोणतीस वर्षांत आईनं त्यांचं एक नाटक पाहिलं नव्हतं. बाईंनी स्वतः जाऊन तिकीट खिडकीवर विचारलं. पहिल्या दोन रांगांवर 'निमंत्रित' असे कागद चिकटवले होते: सुनेचं सासर, मालिकेची मंडळी, कोणी कोणी साहेब.

"तिसरी रांग आहे बाई, कडेची," खिडकीवरचा म्हणाला. "पण तिसरीतूनही झक्क दिसतं."

रविवारी दुपारी चारचा प्रयोग. नवशिक्यांसारखं पडद्याच्या फटीतून बघायचं नाही हा बाईंचा दंडक होता. त्या दिवशी त्यांनी तो मोडला. आई दिसली. केवढीशी झाली होती! कानात यंत्र, मांडीवर पर्स, पाठ खुर्चीला टेकलेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. शेजारी भाची वाकून तिला काहीतरी सांगत होती आणि आई नेहमीसारखी मोठ्यानं "काय? काय?" करत होती. दुसऱ्या टोकाला, दाराजवळच्या आपल्या ठरलेल्या खुर्चीत डॉक्टर बसली होती. बाईंनी पडदा सोडला.

पहिला अंक रेटून नेला. लोक हसायच्या जागी हसले. दुसऱ्या अंकात तो प्रवेश आला. मुलगी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता आईला सांगते की मी लग्न करणार नाही, आणि का करणार नाही. सून बरी करत होती; खरं सांगायचं तर चांगलीच करत होती, आणि बाईंना त्याचाही राग येत होता. मग आई उठते. बाई उठल्या.

"किल्ली ठेव इथं," बाई म्हणाल्या. "आणि जा."

इथे सुनेनं मोजून पाच श्वास थांबायचं, असं बसवलेलं होतं. तिसरा श्वास झाला असेल.

"किल्ली नव्हते म्हणाले मी."

आवाज तिसऱ्या रांगेतून आला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा, खणखणीत.

"आजी, हळू," भाचीची कुजबुज.

"हळू कशाला? किल्लीचं नावही काढलं नव्हतं मी. बाळाला खाली ठेव म्हणाले होते. तू होतीस तिच्या हातात. त्या हातांनी पोरीला धरू नकोस, म्हणाले. असं म्हणाले होते मी."

बाई दिव्यांच्या झोतात उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे गेले होते; कधी गेले ते त्यांना कळलं नाही. तिकिटं काढून आलेल्या लोकांना हे नाटकातलंच वाटत होतं. सून हातात अर्धी घडी घातलेली चादर घेऊन बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग ती पोर, तिला शाबासकी द्यायला हवी, स्वतःचं वाक्य विसरून एवढंच म्हणाली, "जाते मी, आई." चादर खाली ठेवली आणि गेली.

आता बाईंनी दाराला आतून कडी घालायची होती. त्या दारापर्यंत गेल्या. कडी लागेना. लाकडावर लोखंडाचा खडखड आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. बाईंनी दुसऱ्या हातानं पहिला हात धरला आणि कडी घातली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिसरा अंक त्यांनी कसा केला, देव जाणे. शब्द आले, पाय जिथं जायचे तिथं गेले. तीस वर्षांची सवय असते, ती उपयोगी पडली.

रंगपटात त्या आरशासमोर बसल्या, तोवर भाची आईला हाताला धरून घेऊन आली. डॉक्टर त्यांच्या मागोमाग आली आणि दारातच थांबली. भाचीचे डोळे सुजले होते.

"आत्या, ती मी होते?"

"तूच होतीस," बाई म्हणाल्या. "चार किलोची."

दारात उभ्या असलेल्या डॉक्टरनं तोंडावर हात ठेवला.

आई खुर्चीत बसली. तिनं आरशाभोवतीचे दिवे बघितले, पावडरींचे डबे बघितले, मग दाराकडे बघितलं.

"दातांची ती हीच ना?" तिनं विचारलं. "पेपरात वाचलं होतं मागे."

"हीच."

आईनं मान हलवली. मग बाईंकडे वळून म्हणाली, "किल्ली का म्हणालीस?"

"लोकांसमोर दुसरं म्हणवेना."

"मला वाटलं, विसरलीस की काय."

त्या एका वाक्यानं बाई उसळल्या. "विसरले? मी विसरले? एकोणतीस वर्षांत एक मूल हातात घेतलं नाही मी! आणि तू? दादा मला खोटारडी म्हणत राहिला आणि तू भिंतीकडे बघत गप्प बसलीस. का? एक शब्द बोलली असतीस तर तोंड झिजलं असतं तुझं?"

आवाज इतका चढला होता की आईला यंत्राशिवायही ऐकू आला असता. भाचीनं मध्ये काही बोलायला तोंड उघडलं, आईनं तिला हातानं थांबवलं.

"लाज वाटायची," आई म्हणाली.

"माझी. माहीत आहे मला."

"तुझी पहिली दोन-तीन वर्षं. मग माझीच." आईनं पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "पोरगी रडायला लागली होती, तू खाली ठेवलीस तेव्हा. मी घेतली तरी राहीना. तुझ्याकडेच राहायची ती."

बाईंनी कापसाचा बोळा क्रीममध्ये बुडवला आणि गालावरच्या सुरकुत्या पुसायला घेतल्या. रंगाच्या होत्या त्या निघाल्या.

तेवढ्यात दिग्दर्शक धाडकन आत घुसला. दारात डॉक्टर उभी होती, ती त्याला दिसली नाही.

"बाई! काय झालं हे! लोक बाहेर त्याच्याबद्दलच बोलतायत. तिकडे एक समीक्षक मला म्हणाला, प्रेक्षकांतून आवाज आणायची कल्पना कमाल आहे!" मग त्याची नजर आईवर गेली आणि हात पुन्हा हवेत पिळायला लागले. "आजी याच ना? आजी, एक विचारू का? पुढच्या प्रयोगालाही याल?"

डॉक्टर पुढे झाली. अक्कलदाढेचं आता काही खरं नव्हतं.

"काय म्हणतोय हा?" आईनं विचारलं.

भाचीच तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "विचारतोय, पुढच्या वेळी येऊन पुन्हा ते म्हणशील का. लोकांसमोर."

आईनं विचार केला. पर्स मांडीवर सरळ केली.

"येईन," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी येईन. म्हणाले होते ते मी, मग ते हिच्याकडून कशाला म्हणवून घ्यायचं? माझं मीच म्हणेन."

दिग्दर्शकाचा चेहरा उजळला. आपण काय विचारलं आणि आपल्याला काय मिळालं, यातलं त्याला काहीही कळलं नव्हतं. सगळे बाईंकडे बघत होते. बाई आरशात बघत होत्या, आणि आरशात त्यांच्या चेहऱ्यामागे आईचा चेहरा होता. त्यांनी हातातला बोळा टाकला.

"पहिल्या रांगेत बसवा हिला," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या. "तो निमंत्रितांचा कागद काढा आणि मधली खुर्ची द्या. तिसरीतून हिला नीट ऐकू येत नाही."